खांद्यावरची गाडी

संपादकांचा फोन माघातच आला. दिवाळी अंक निघतो आश्विनात, पण चुलीवर चढतो तो थंडीतच, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "यंदाचा विषय ओझं. दप्तराच्या ओझ्यावर लेख आलाय, कर्जाच्या ओझ्यावर ठरलाय, अपेक्षांच्या ओझ्यावर तर तिघांनी लिहितो म्हणून सांगितलंय. तुम्ही कृपा करून काट्यावर ठेवता येईल असं काहीतरी शोधा."

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला मी कल्याण-नगर रस्त्यावर, वैशाखरे गावाच्या थोडं पुढं, अंधारात उभा होतो. माळशेज उतरून आलेले भाजीचे टेम्पो कल्याणच्या बाजूला धावत होते. गाडीच्या टपावरून चार सायकली खाली उतरत होत्या. त्या चढवायच्या होत्या नाणेघाटावर. माळशेजचा डांबरी रस्ता बाजूलाच असताना, तो सोडून, दोन हजार वर्षांच्या दगडी पायवाटेनं.

आम्ही चौघं. पहिले फिटरकाका. कल्याणजवळच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी, रविवारी सायकल, असा त्यांचा नेम. दुसरी डोंबिवलीची एक फिजिओथेरपिस्ट. तिला सगळे 'डॉक्टर' म्हणतात आणि तीही ते चालवून घेते. तिसरा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, ज्याच्या सायकलची किंमत ऐकून मी माझ्या स्कूटरबद्दल बोलायचं टाळलं. चौथा मी, वय ५२, सायकल भाच्याची, उसनी.

बेत असा की घाट चढून घाटघरच्या पठारावर यायचं, चावंड किल्ल्याच्या अंगानं जुन्नरला जायचं, तिथून गणेशखिंड, मढ आणि संध्याकाळच्या आत माळशेज उतरून पुन्हा याच गाडीपाशी. नकाशावर छान गोल दिसतो. त्या गोलातला घाटाचा तुकडा असेल चार-साडेचार किलोमीटरचा. पण त्यात चढण दोन हजार फुटांहून जास्त, आणि सायकलवर बसून जाण्यासारखी वाट त्यातली अगदी थोडी.

"मग सायकल कशाला न्यायची?" मी विचारलं. हा प्रश्न या मंडळींना दर रविवारी कुणी ना कुणी विचारतं. फिटरकाकांनी टॉर्च तोंडात धरून टायर दाबून पाहिला आणि टॉर्च काढून म्हणाले, "वर गेल्यावर पायी फिरू का मग?"

चाकाला पायरी का नको असते

पहिला पाऊण किलोमीटर बरा गेला. मातीची वाट, चढ बेताचा, दोन्हीकडे साग. मीसुद्धा बसून गेलो आणि मनात म्हटलं, एवढंच ना? मग एक कोरडा ओढा आला, ओढ्यापलीकडे वाट उभी राहिली, आणि पहिल्याच दगडाला माझं पुढचं चाक टेकून थांबलं. मी पायडलवर उभा राहिलो, सगळा जोर लावला, आणि सावकाश, अगदी सन्मानानं, आडवा झालो.

आजच्या डोंगरी सायकलींना गिअर बक्कळ असतात. पुढं ३२ दात्यांची चकती आणि मागं ५१ दात्यांची, असा हलका गिअर लावला की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरही सरकत नाही. म्हणजे जोर कमी लागतो, पण वेग चालण्याइतका उतरतो, आणि त्या वेगाला दोन चाकांवरचा तोल टिकत नाही. त्यात दगड. इंजिनिअरिंगच्या मुलानं मला धूळ झटकायला मदत करता करता हिशेब सांगितला. चाक आडव्या रेट्यानं पायरीवर चढवायचं असेल आणि पायरी चाकाच्या त्रिज्येच्या निम्मी असेल, तर त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या जवळपास पावणेदोनपट रेटा लागतो. या सायकलींच्या मोठ्या चाकांची त्रिज्या ३७ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ही गोष्ट झाली आपल्या इमारतीतल्या जिन्याच्या एका पायरीची. पायरी आसाच्या उंचीला पोचली की मग कितीही रेटा, चाक चढत नाही. परीक्षेत हे गणित त्यानं सोडवलेलं असणार. मी ते आत्ता गुडघ्यानं सोडवलं होतं.

आणि सह्याद्री म्हणजे पायऱ्याच. आपल्या दख्खनच्या या काळ्या दगडाला भूगर्भवाले 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर टणक, काही भुसभुशीत. भुसभुशीत झिजले, टणक कडे होऊन उभे राहिले. लांबून पाहिलं तर आख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि जवळ गेलं तर प्रत्येक पायरीत आणखी पायऱ्या.

ढकलण्याची रीत

सायकल ढकलणं म्हणजे हँडल धरून चालणं, अशी माझी समजूत होती. ती दहा मिनिटांत गेली, आणि जाताना पोटरीवर खुणा ठेवून गेली. आताच्या पायडलांना बुटाची पकड बसावी म्हणून वर बारीक खिळे असतात. सायकलच्या अगदी अंगाला लागून चाललं की दर चौथ्या पावलाला पायडल फिरून पोटरीवर येतं.

डॉक्टरांनी रीत दाखवली. सायकल आपल्या उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे चेन आणि दाते पलीकडच्या बाजूला राहतात. डावा हात हँडलला, उजवा सीटच्या मागं. आपल्या बाजूचं पायडल पुढं वळवून ठेवायचं. चढ फार उभा झाला की सीटवरचा हात काढून दोन्ही हात हँडलवर आणायचे आणि मग खरी युक्ती: हात लांब होतील तेवढी सायकल पुढं ढकलायची, दोन्ही ब्रेक करकचून दाबायचे, आणि जागच्या जागी रुतलेल्या त्या सायकलीचा आधार घेऊन आपण दोन पावलं वर यायचं. ब्रेक सोडायचे, पुन्हा ढकलायची. वारीत म्हातारी माणसं काठी पुढं रोवून चालतात, तसंच हे. फक्त काठी १५ किलोंची.

दगडाची पायरी आली की आधी पुढचं चाक उचलून तिच्यावर टेकवायचं, मग आपण चढायचं, मग सीट धरून मागचं ओढून घ्यायचं. दोन्ही चाकं एकदम उचलायला जाणारा नवखा, असं फिटरकाकांचं मत. आणि जिथं एका बाजूला दरी आहे तिथं चेन वगैरे सगळं विसरायचं: सायकल दरीच्या बाजूला, माणूस डोंगराच्या. "गेली तर एकटी जाऊ दे," ते म्हणाले.

बुटांचंही एक आहे. शर्यतीचे सायकलस्वार कडक तळाचे बूट वापरतात, पायाचा सगळा जोर पायडलवर जावा म्हणून. मुलाच्या पायात तसेच होते. कातळावर ते बशी घसरावी तसे घसरत होते. फिटरकाकांच्या पायात बाजारातले साधे ट्रेकिंगचे बूट होते आणि ते एकदाही घसरले नाहीत.

"हलतंय म्हून जड लागतंय"

निम्म्या वाटेनंतर ढकलणंही संपलं. वाटेच्या जागी मोठाले धोंडे, त्यांच्यामध्ये पाऊल मावेल एवढ्याच फटी. चाकाला टेकायला जागा नाही. इथून सायकल अंगावर.

याचे दोन प्रकार. पहिला खांद्यावर: सायकलच्या त्रिकोणात हात घालायचा, आडवा दांडा खांद्यावर घ्यायचा, पुढून हँडल धरून ठेवायचं. चटकन उचलता येते, चटकन ठेवता येते. चार पायऱ्यांपुरतं ठीक. पण दांडा हाडावर बसतो आणि सगळा भार एका बाजूला येतो, म्हणून पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला वाकतो. "असं अर्धा तास चाललात तर उद्या माझ्याकडे या," डॉक्टर म्हणाल्या. मागं-पुढं शॉक असलेल्या सायकलीत तर तो त्रिकोण एवढा भरलेला असतो की खांदा आत जातच नाही. मुलाची सायकल तसली होती. पैसे जास्त मोजले की कधीकधी हातसुद्धा आत जात नाही.

दुसरा प्रकार पाठीवर. सीट पूर्ण खाली घ्यायची, सायकल उचलून डोक्यावरून मागं घ्यायची आणि मानेमागं, पाठीवरच्या पिशवीच्या डोक्यावर आडवी बसवायची. एका हातात पुढचा चिमटा, दुसऱ्या हातात पायडलचा दांडा. भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो, पिशवी गादीचं काम करते. पण आता तुमच्या डावीकडे एक चाक आणि उजवीकडे एक चाक निघालेलं असतं, म्हणजे तुम्ही जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद झालेले असता. करवंदीच्या जाळीला हे माहीत नसतं. शिवाय मानेवर नळी असल्यामुळे मान वर करता येत नाही. समोरचा डोंगर दिसत नाही, जीवधन किल्ल्याचा कडा दिसत नाही, फुललेला पांगारा दिसत नाही. दिसतात ती स्वतःची पावलं.

मी वीस पावलं मोजायचो, थांबायचो, पुन्हा वीस. खरं सांगायचं तर वजन असं काही भयंकर नव्हतं. १५ किलो म्हणजे तांदळाची मध्यम पिशवी. मुलानं त्याचंही गणित केलं: एवढं वजन साडेसहाशे मीटर वर न्यायला लागणारी ताकद, शरीराची नासाडी धरूनसुद्धा, ज्वारीच्या एका भाकरीत भागते. मग एवढा जीव का जातो? वीस पावलांमागं चार वेळा माझा तोल डावीकडे जात होता आणि तो सावरण्यातच दम संपत होता.

याचं उत्तर एका बाईंनी दिलं. घाटघरकडून वाळलेल्या काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन त्या उतरत होत्या. वय साठीच्या पुढं, पायात साध्या चपला, डोक्यावर मोळीखाली चुंबळ. आम्ही चौघं त्यांना वाट द्यायला बाजूला झालो, म्हणजे मी बाजूला होताना करवंदीत अडकलो. त्यांनी मोळी न उतरवताच आम्हाला पाहिलं. "गाडी मानसाला वाहती का मानूस गाडीला?" हे झालंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, ते म्होरलं चाक बांधून घ्या की. हलतंय म्हून जड लागतंय."

पुढचं चाक हँडलबरोबर वळत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक पावलाला ते इकडून तिकडे झुलायचं आणि मला ओढायचं. फिटरकाकांनी खिशातून जुन्या ट्यूबची एक पट्टी काढली आणि चाक सायकलच्या खालच्या नळीला आवळून टाकलं. सायकल त्याच क्षणी पाच किलोंनी हलकी झाली. काकांच्या सायकलवर ही पट्टी आधीपासून होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "मला वाटलं तुम्ही बघताय."

बाईंनी आणखी एक सांगितलं, ते चुंबळीचं. मानेला नळी रुतते तर फडकं वळून ठेवा. मी पंचा वळून ठेवला. डोंगरी सायकलवाले यासाठी फोमच्या नळ्या, खास पट्टे, पाठीवर सायकल अडकवायचे हूक असं काय काय विकत घेतात. ही मंडळी ओझं वाहण्याचं शास्त्र नव्यानं शिकताहेत आणि ते ज्यांना येतं ती माणसं त्याच वाटेवर रोज समोरून येतात. माझ्या मते या छंदातली ही सर्वांत विनोदी गोष्ट आहे. विनोदी म्हटलं, हास्यास्पद नव्हे.

चाकाआधीची वाट

नाणेघाट चाकासाठी बांधलेलाच नाही. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा तो बैलांच्या पाठीवरून. कोकणातून मीठ वर, घाटावरचं धान्य खाली. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या, दोन्ही सारख्या वजनाच्या, घट्ट आवळलेल्या. एक हलकी झाली की बैल कड्याच्या बाजूला कलणार. त्या बाईंचं चाक बांधण्याचं शहाणपण आणि या गोण्यांचं शहाणपण एकच.

गाडीचं चाक सह्याद्री चढायला फार उशिरा लागलं. बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, त्याच घाटातून रेल्वे गेली १८६३ मध्ये. त्याआधीची शतकानुशतकं हा सगळा व्यापार खुरांवर आणि पावलांवर चालला. म्हणून या वाटेचे दगड पाहिले की त्यांची घडण चाकाच्या विरोधात वाटते. पायरीची उंची सारखी नाही, पण पाऊल ठेवायला प्रत्येक ठिकाणी जागा आहे. बैल जिथं वळेल तिथं वळण आहे. या वाटेवर कुठं थांबायचं, हे पायांना आपोआप कळतं. चाकाला ते कधीच कळणार नाही.

आता बॅटरीवर चालणाऱ्या डोंगरी सायकली आल्या आहेत. त्यांच्यात एक बटण असतं. ते दाबलं की आपण शेजारून चालायचं आणि सायकल स्वतःहून माणसाच्या चालीनं पुढं सरकते. मुलाचा एक मित्र अशी सायकल घेऊन इथं आला होता म्हणे. मातीच्या वाटेवर तो सगळ्यांच्या पुढं. धोंडे सुरू झाले तेव्हा बटणाचा उपयोग संपला आणि हातात उरली बावीस-तेवीस किलोंची सायकल. तो तिथूनच परत गेला.

इतर डोंगरांवर

ज्याला आज माउंटन बायकिंग म्हणतात त्याचा जन्मच मुळी वर जाण्याच्या अडचणीतून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन डोंगर उतरायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. तिचं नाव 'रिपॅक', कारण एका उतरणीत मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं. या अवजड सायकलींना चढायचे गिअर नव्हते. वर जायचं म्हणजे कुणाच्या तरी ट्रकमध्ये टाकून किंवा ढकलत. ढकलून वैतागलेल्या याच मंडळींनी मग गिअर बसवले, आणि गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची, चार्ली केली ही नावं त्या उद्योगाची झाली.

इंग्रज मात्र त्याआधीपासून हौसेनं उचलत होते. लेम्स्टर गावात १९५५ मध्ये 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब निघाला, तो केवळ रस्ता नसलेल्या ठिकाणी सायकल नेणाऱ्यांसाठी. यॉर्कशरमधली 'थ्री पीक्स' ही सायकलशर्यत १९६१ पासून चालू आहे आणि तिच्यातल्या उभ्या चढांवर स्पर्धक सायकल खांद्यावर घेऊनच जातात. तिथं उचलता येणं हेच कसब. निक आणि रिचर्ड क्रेन या चुलतभावांनी १९८४ च्या अखेरीस सायकली ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर नेल्या. तो सगळा प्रवास सायकलवर बसून झाला, असं कुणी समजू नये.

आपल्याकडचीही एक गोष्ट. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तीन पारशी तरुण १९२३ मध्ये साथीदारांसह सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये तिघं परत आले. वाळवंटं, जंगलं, डोंगर. रस्ता संपला की त्यांच्याकडे कुठला गिअर नव्हता.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त थांबवलं ते व्हिएतनामनं. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंच सैन्य डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात बसलं होतं. तिथवर तोफा आणि धान्य पोचवणं अशक्य आहे, असा त्यांचा हिशेब. व्हिएत मिन्हच्या लोकांनी त्या डोंगरवाटांवरून हजारो सायकली ढकलत नेल्या. सायकलवर कुणी बसलंच नाही. हँडलच्या एका टोकाला बांबू बांधून ते लांब केलं, म्हणजे बाजूनं चालणाऱ्याला वळवता येईल. सीटच्या जागी दुसरा उभा बांबू, मागून रेटायला आणि तोल धरायला. चिमटे आणि नळ्या लाकूड-लोखंडानं बळकट केल्या. अशा एका सायकलीवर दोनशे किलोंहून जास्त तांदूळ जायचा. पाठीवर माणूस किती नेतो? चाळीस, फार तर पन्नास. वाट एका पावलाएवढी रुंद असेल तर तिथं बैलगाडी जात नाही, पण सायकल जाते, कारण सायकल ही एका पावलाएवढी रुंद गाडी आहे.

हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या कळश्या आणि कॅन लटकवून ढकलत नेलेल्या सायकली त्यानं लहानपणापासून पाहिलेल्या असतात. त्या सायकलींची सीट कित्येकदा काढूनच टाकलेली असते. बसायचं कुणाला असतं?

गुहेतली पावलं

घाटाच्या शेवटच्या टप्प्याखाली पाण्याची टाकी आहेत आणि तिथंच ती प्रसिद्ध गुहा. सायकली कातळाला टेकवून आम्ही आत गेलो. आत इतकं गार होतं की घाम सुकताना थंडी वाजली.

भिंतींवर ब्राह्मीतला मोठा लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ मध्ये तो पाहून त्याकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. त्यात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेची: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आकडे अंकांत लिहिले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. हे मी कौतुकानं सांगत होतो. फिटरकाका जमिनीवर पाय पसरून बसले होते. म्हणाले, "म्हणजे राणीसाहेबांनी खर्च भिंतीवर टाकून ठेवलाय. आमच्या वर्कशॉपला पण आहे तशी भिंत."

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या: सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजपुत्र. डोक्यावरची नावं अजून वाचता येतात. मूर्ती गेल्या. उरल्यात त्या पावलांच्या खुणा.

डॉक्टरांनी तेवढ्या वेळात माझा खांदा पाहिला. पंचा असूनही लाल पट्टा उठला होता. "दोन दिवस दुखेल," त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळानं, "चार धरा."

गुहेतून बाहेर येऊन सायकल उचलताना माझा पाय घसरला आणि सायकल चेनच्या बाजूवर पडली. मागचा गिअर आत वाकला. भाचा डोळ्यांसमोर उभा राहिला. काकांनी बसून पाहिलं. गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची करतात, म्हणजे आपटली तर ती वाकते, मुख्य सांगाडा वाकत नाही. त्यांनी गिअर मुठीत धरला, एक डोळा मिटला, हळूच बाहेर ओढला. "एकदाच वाकवता येते. पुन्हा पाडलीत तर तुटेल." त्यापुढं सायकल मी लहान मुलासारखी नेली.

गुहेच्या वर दोन कड्यांच्या मधून फरसबंद नळी जाते. दोन्हीकडे काळ्या भिंती, मध्ये पायऱ्या. इथं पाठीवर आडवी सायकल मावत नाही, पुन्हा एका खांद्यावर घ्यावी लागते. या दगडांवरून पायडल, दाते घासत नेऊ नयेत, ही या मंडळींची शिस्त मला आवडली. दोन हजार वर्षांच्या पायरीवर ॲल्युमिनियमची रेघ ओढणं त्यांना बरं वाटत नाही. पावसाळी रविवारी इथं धबधब्याखाली नाचणाऱ्या गर्दीला ही शिस्त कुणी तरी शिकवायला हवी.

माथ्यावर

नळी संपते आणि एकदम आकाश येतं. उजवीकडे-डावीकडे पठार, मागं कोकण, आणि वाटेच्या कडेला तो दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात तो. त्यात खरंच नाणी पडत की पाणी साठवत, यावर वाद घालण्याएवढा दम माझ्यात उरला नव्हता. मी सायकल खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. दोन तास पन्नास मिनिटं मी तिला वाहिलं होतं.

टपरीवरच्या मावशींनी चहा दिला, पिठलं-भाकरी दिली. त्यांच्या घरी हिरड्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा या भागातल्या आदिवासी घरांचा वर्षाचा आधार. कोपऱ्यात वजनकाटा होता. मी सायकल, पिशवी, पाण्याच्या बाटल्या असं सगळं एकत्र त्यावर टेकवलं. १९ किलो ४०० ग्रॅम. मावशींचे सासरे खाटेवर बसून पाहत होते. म्हणाले, त्यांच्या तरुणपणी म्हशाच्या जत्रेला याच वाटेनं उतरायचे, येताना घोंगडी आणि मीठ घेऊन चढायचे. किती मीठ? "एक गोनी." मी त्यापुढं काही विचारलं नाही.

मग आम्ही सायकलवर बसलो.

ते पुढचे दोन तास मी लिहून दाखवू शकत नाही. वाळलेल्या गवतातून जाणारी लाल वाट, समोर चावंड, पाठीवर काही नाही. फिटरकाका पन्नाशी विसरून दोन्ही पाय पायडलवरून काढून ओरडत उतरले. मुलाची महागडी सायकल इथं खरोखर उडत होती, आणि त्याचे कडक बूटही आता कामाला आले. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. तरी काकांनी उगाच एकदा वळून पाहिलं.

जुन्नरला एका पंक्चरच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदारानं हवा भरताना विचारलं, कुठून आलात? काकांनी सांगितलं, आणि मग आपल्या हँडलवरच्या जुन्या मीटरकडे बोट दाखवून हसायला लागले. डॉक्टरांच्या मनगटावरचं उपग्रहावर चालणारं घड्याळ घाट साडेचार किलोमीटरचा दाखवत होतं. काकांचं मीटर लोहचुंबकाचं. चाक फिरेल तेवढंच मोजतं. सायकल पाठीवर असताना चाक फिरत नाही. त्याच्यावर वैशाखऱ्यापासून रांजणापर्यंतचं अंतर भरलं होतं एक किलोमीटर नऊशे मीटर.